डोळ्याला झेपेल एवढाच वेग

‘गोसीखुर्दचे 33 दरवाजे अर्ध्या मीटरने उघडले.’ पावसाळ्यात भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या माणसाच्या कानावर ही बातमी एकदा तरी पडतेच. वैनगंगेच्या खालच्या अंगाला राहणारे ती ऐकून काठावरचे पंप आणि जनावरं वर घेतात. ज्यांच्या घराला धोका नाही ते मोटारसायकल काढून पाणी बघायला निघतात. पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द गावाजवळच्या या धरणाचं कागदोपत्री नाव इंदिरासागर. 22 एप्रिल 1988 रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. भिंत अकरा किलोमीटरहून लांब आहे, पण गर्दी असते ती त्या 33 दरवाजांसमोर.

मी हे पाणी पहिल्यांदा पाहिलं ते बरंच लांबून, आणि थोडा हिरमुसलो. आवाज छातीत घुमत होता, तुषारांचा पांढरा धूर वर चढत होता, पण पाणी मात्र कापसाचे पेळू उलगडावेत तसं आरामात खाली येत होतं. मग जिथवर जाऊ देतात तिथवर पुढे गेलो आणि कठड्याआडून एकाच दरवाजाकडे पाहत राहिलो. तेच पाणी आता रेघारेघांचं झालं होतं. थेंब दिसेना, फेसाचा गोळा दिसेना, नुसत्या उभ्या पांढऱ्या रेघा. काही वेळाने मी पाण्याच्या चालीने नजर वरून खाली फिरवली. क्षणभर त्या रेघा फुटल्या आणि पाण्याचे गोळे, चिंध्या, थेंब सुटे सुटे दिसले. नजर थांबली, पुन्हा रेघा.

एकच पाणी, एकच वेग आणि तीन रूपं. डोळ्याला किती वेग दिसतो, या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही ते याचमुळे. किती लांबून पाहताय, उजेड किती आहे, नजर स्थिर आहे की फिरती, आणि डोळ्याला तुम्ही नेमकं काय विचारताय, या प्रत्येकाबरोबर आकडा बदलतो. ‘माणसाच्या डोळ्याला सेकंदाला 24 चित्रं दिसतात’ हे वाक्य इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे सांगितलं जातं की ते खरंच वाटू लागतं. ते खरं नाही. ते कुठून आलं ते पुढे पाहू.

आधी त्या रेघांचा हिशोब. पाणी दहा मीटर खाली आलं की त्याचा वेग सेकंदाला साधारण 14 मीटर होतो. आता डोळ्याच्या पडद्याकडे, म्हणजे दृष्टिपटलाकडे जाऊ. तिथल्या शंकुपेशींवर प्रकाश पडला की एका रंगद्रव्याचा रेणू आपला आकार बदलतो, त्यातून रासायनिक क्रियांची एक साखळी सुरू होते आणि तिच्या टोकाला विजेचा संदेश तयार होतो. हा संदेश चढायला आणि उतरायला वेळ लागतो. दिवसाउजेडी हा वेळ ढोबळमानाने सेकंदाचा विसावा भाग धरा. तेवढ्या अवधीत जो काही प्रकाश त्या पेशीवर आला तो सगळा एकाच खात्यात जमा होतो. सेकंदाच्या विसाव्या भागात आपलं पाणी 70 सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं, म्हणून हातभर लांबीची रेघ. नजर पाण्याबरोबर खाली फिरवली की थेंबाची प्रतिमा पडद्यावर जागच्या जागी राहते आणि रेघेचा पुन्हा थेंब होतो.

लांबून पाणी संथ का दिसतं? कारण डोळ्याला मीटर कळत नाहीत, त्याला फक्त कोन कळतो. सेकंदाला 14 मीटर पडणारं पाणी दोनशे मीटरवरून पाहिलं तर डोळ्याच्या लेखी ते सेकंदाला चार अंश सरकतं. हाताच्या अंतरावरून रांगत जाणाऱ्या गोगलगायीलाही डोळा त्याच मापाने मोजतो. आभाळातलं विमान रेंगाळतंय असं वाटतं, आणि पायाजवळून गेलेली सरडकुळी वीज चमकल्यासारखी वाटते, ते याच मापामुळे.

प्रकाश साठवून ठेवण्याचा डोळ्याचा हा गुण माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. शेकोटीतलं जळतं लाकूड, ज्याला आपण कोलीत म्हणतो, ते अंधारात गरगर फिरवलं की ठिणगीचं आख्खं वर्तुळ दिसतं. लहानपणी हे ज्याने केलं नाही आणि त्यावरून ओरडा खाल्ला नाही असा खेड्यातला माणूस सापडणं कठीण. संस्कृतात याला अलातचक्र म्हणतात. मांडूक्य उपनिषदावरच्या गौडपादांच्या कारिकांमधल्या चौथ्या प्रकरणाचं नावच ‘अलातशांती’. कोलीत हलतं तेव्हा सरळ-वाकड्या आकृत्या दिसतात, थांबलं की त्या कुठेच नसतात, हा तिथला दाखला. गौडपादांना त्यातून जगाच्या भासमानतेविषयी बोलायचं होतं. पण त्यामागचं निरीक्षण चोख आहे. 1765 मध्ये फ्रान्समध्ये शेव्हालिए दार्सी यांनी याच कोलिताला मोजपट्टी लावली. निखारा चाकाला बांधला, चाक फिरवलं आणि वर्तुळ अखंड दिसायला एक फेरी किती वेळात व्हावी लागते ते पाहिलं. उत्तर आलं 0.13 सेकंद. म्हणजे फेरी सेकंदाच्या साधारण आठव्या भागात पुरी झाली की ठिणगीची शेपटी तिच्याच तोंडाला येऊन मिळते. विसावा भाग दिवसाचा आणि आठवा भाग रात्रीचा. अंधारात काम पाहणाऱ्या दंडपेशी शंकुपेशींहून बऱ्याच सुस्त आहेत, म्हणून रात्रीचा डोळा थोडाफार प्रकाश गोळा करायला अधिक वेळ घेतो.

उजेड कमी झाला की डोळा मंदावतो, हे घरबसल्या पाहता येतं. दोऱ्याला किल्ली बांधून तिला आपल्यासमोर डावी-उजवीकडे झुलवा आणि एका डोळ्यावर गॉगलची एकच काच धरून दोन्ही डोळ्यांनी पाहा. किल्ली सरळ रेषेत न झुलता लंबगोलात फिरताना दिसेल. काचेआडच्या डोळ्याचा संदेश उशिरा पोचतो, मेंदूला दोन डोळ्यांकडून किल्लीच्या दोन वेगळ्या जागा कळतात, आणि तो फरक मेंदू खोली म्हणून वाचतो. 1922 मध्ये याचा उलगडा प्रसिद्ध करणारे जर्मन शास्त्रज्ञ कार्ल पुल्फ्रिख स्वतः एका डोळ्याने आंधळे होते. त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा हा देखावा त्यांना कधी पाहता आला नाही.

आता 24 च्या आकड्याकडे. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला साधारण 16 चित्रं निघत. बोलपट आल्यावर आवाज नीट उमटण्यासाठी फिल्म जास्त वेगाने पळवावी लागली आणि 1920 च्या दशकाच्या अखेरीस 24 चा आकडा ठरून गेला. तो आवाजाच्या आणि फिल्मच्या खर्चाच्या हिशोबातून आला. 24 चित्रं हलती वाटायला पुरतात, पण सेकंदाला 24 वेळा उघडझाप करणारा पांढरा पडदा दोन मिनिटंही पाहवणार नाही. मग टॉकीजमध्ये आपण तीन तास कसे बसतो? युक्ती प्रोजेक्टरमध्ये होती. दिव्यासमोर फिरणाऱ्या पात्याला दोन पाकळ्या असत, त्यामुळे प्रत्येक चित्र पडद्यावर दोनदा चमके. चोवीस दुणे अठ्ठेचाळीस. मूकपटांच्या यंत्रात तीन पाकळ्या असत. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये यंत्राजवळ बसून ज्यांनी सिनेमा पाहिला त्यांनी ती फडफड ऐकलेली असेल.

हलतंय असं वाटणं आणि लुकलुकणं न जाणवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी सेकंदाला दहा-बारा चित्रंही पुरतात. दुसऱ्यासाठी साध्या उजेडात 50 ते 60 उघडझापा लागतात. या दुसऱ्या मर्यादेला लुकलुक विरण्याची मर्यादा म्हणू. ती पक्की नाही. एर्विन फेरी यांनी 1892 मध्ये आणि टी. सी. पोर्टर यांनी 1902 मध्ये दाखवलं की उजेड दहापट केला की ही मर्यादा दर वेळी ठरावीक आकड्याने वर सरकते. मिणमिणत्या प्रकाशात ती पंधरा-वीसवर असते, लख्ख आणि मोठ्या पडद्यावर ती 80-90 पर्यंत जाते. तंबूतला मंद पडदा 48 वर शांत दिसे. तोच पडदा लख्ख उजळला असता तर पुन्हा फडफडला असता. 

आणखी एक गंमत म्हणजे लुकलुक डोळ्याच्या मध्यापेक्षा कडेला जास्त जाणवते. जुन्या दूरदर्शनच्या काळातला काचेचा टीव्ही आठवा. विजेच्या 50 च्या तालाशी जुळवून तो पडदा सेकंदाला 50 वेळा उजळे. सरळ पाहिलं तर चित्र स्थिर, आणि बाजूला बसून कुणाशी बोलत असलो की डोळ्याच्या कोपऱ्यात टीव्ही थरथरतोय असं वाटे. जुनी ट्यूबलाईटही तशीच. आपल्याकडे विजेची दिशा सेकंदाला 50 वेळा उलटून सुलटते आणि प्रत्येक आवर्तनात वीज दोनदा शून्यावर येते. म्हणून जाड चोकची ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंदावते. शंभर आपल्या मर्यादेबाहेर आहे, म्हणून ती अखंड वाटते. पण ट्यूबच्या टोकांशी हा ताल 50 चा असतो, आणि तिरप्या नजरेने पाहिलं तर टोकं फडफडताना दिसतात. पिवळ्या बल्बची तार तापलेली असते, सेकंदाच्या शंभराव्या भागात ती थंड होत नाही, म्हणून तो पुष्कळ स्थिर जळतो.

न दिसणारी ही लुकलुक कधी कधी भलत्याच जागी उघडी पडते. भंडारा जिल्हा धानाचा, आणि धानामागोमाग राईस मिल आल्या. मिलमधल्या साध्या मोटारीवर मिनिटाला 1440 फेरे लिहिलेले असतात, म्हणजे सेकंदाला 24. मोटारीच्या पुलीला चार आरे आहेत असं धरा. ट्यूबलाईटच्या दोन उजळण्यांमधला अवधी सेकंदाचा शंभरावा भाग. तेवढ्यात पुली 86.4 अंश फिरते. आरे नव्वद अंशांवर आहेत, म्हणजे प्रत्येक आरा पुढच्या आऱ्याच्या जागेपासून फक्त 3.6 अंश मागे राहतो. चारही आरे सारखे दिसतात, त्यामुळे डोळ्याला कळतं ते एवढंच की आरे किंचित मागे सरकले. शंभर वेळा 3.6 म्हणजे 360. सेकंदाला 24 फेरे पुढे पळणारी पुली सेकंदाला एक फेरा या चालीने उलटी फिरताना दिसते! मोटारीचा वेग आणखी थोडा वाढून 1500 वर गेला तर ती चक्क थांबलेली दिसेल. पट्टा पळतोय आणि चाक उभं आहे असं वाटून कुणी हात घातला तर काय होईल ते सांगायला नको. यासाठीच कारखान्यात शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडतात आणि लेथवर पिवळा बल्ब लावायची जुनी रीत आहे. इलेक्ट्रॉनिक चोकमध्ये हा ताल सेकंदाला हजारोंच्या घरात जातो आणि भास संपतो. तुमच्या मिलमध्ये अजून जाड चोक लटकत असतील तर ते बदला, मी हे अगदी मनापासून सांगतो आहे.

लुकलुक दिसत नाही म्हणजे ती शरीराला लागत नाही, असंही नाही. ब्रिटनमध्ये 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कचेरीतल्या ट्यूबचे जुने चोक काढून वेगवान चोक बसवले, तेव्हा डोकेदुखीच्या आणि डोळे शिणण्याच्या तक्रारी निम्म्याहून खाली आल्या. कर्मचाऱ्यांना दिव्यात काही बदल दिसत नव्हता. स्वस्त एलईडी बल्बमध्ये हाच जुना आजार परत आला आहे. आत नीट सर्किट नसेल तर तो बल्ब सेकंदाला 100 वेळा जवळजवळ विझतो. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावरचा दिवा असा आहे का ते पाहायला पैसे लागत नाहीत. दिव्याखाली पेन्सिल भराभर हलवा. तिचा एकसंध पंखा दिसला तर दिवा चांगला. सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर दिवा लुकलुकतो आहे. मोबाईलचा स्लो मोशन कॅमेराही हेच सांगेल.

नजर उडी मारते तेव्हा तर 100 चा आकडाही मागे पडतो. रात्री पवनीहून नागपूरकडे जाताना पुढच्या गाडीचा तांबडा एलईडी दिवा पाहा आणि नजर झटकन रस्त्याच्या कडेला न्या. काही गाड्यांच्या दिव्यामागे तांबड्या ठिपक्यांची माळ उमटते. दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत असतो, आणि उडी मारणारा डोळा प्रत्येक उजळणी पडद्यावर वेगळ्या जागी टाकतो. 2015 मधल्या एका प्रयोगात कडा असलेली चित्रं वापरून सेकंदाला 500 वेळा होणारी उघडझापसुद्धा माणसांना ओळखता आली. डोळ्याची मर्यादा 24 की 60, यावर वाद घालणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

हलणं कळतं कसं, ही यापुढची पायरी, आणि मला ती सगळ्यात विलक्षण वाटते. झिगमुंड एक्सनर यांनी 1875 मध्ये विजेच्या दोन ठिणग्या शेजारी शेजारी, एकीनंतर एक, पाडल्या. आधी कोणती पडली हे सांगायला माणसाला दोन्हींत सेकंदाच्या साधारण 45 सहस्रांशांचं अंतर लागलं. पण ठिणग्या आणखी जवळ आणल्या की लोकांना दोन ठिणग्यांऐवजी इकडून तिकडे सरकणारा एकच प्रकाश दिसू लागला, आणि तो कोणत्या दिशेने सरकला हे ते 14-15 सहस्रांशांतही सांगू शकले. आधी काय आणि नंतर काय हे कळण्याआधी हललं हे कळतं. म्हणजे हलणं हा मेंदूने दोन जागांची तुलना करून सावकाश काढलेला निष्कर्ष नाही. रंग दिसतो, उजेड दिसतो, तसं हलणं थेट दिसतं. माक्स वेर्थहाइमर यांनी फ्रांकफुर्टमध्ये हेच दोन रेघा घेऊन पाहिलं आणि 1912 मध्ये छापलं. दोन रेघांमध्ये 60 सहस्रांशांचं अंतर ठेवलं की एकच रेघ उडी मारून पलीकडे जाते. 30 ठेवलं तर दोन्ही एकदम दिसतात, 200 ठेवलं तर एक विझून दुसरी लागते.

आपल्याकडे हे पुस्तकात वाचून नव्हे, हाताने करून शोधलेलं आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन 1890 च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ नावाचे खेळ करत. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, समोर पडदा. एका चित्रातला हात खाली, पुढच्या चित्रातला वर. काचा इतक्या झपाट्याने बदलायच्या की पडद्यावरचा हात उचलला जावा. भारतात ल्युमिएर बंधूंच्या सिनेमाचे पहिले खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात 7 जुलै 1896 रोजी झाले. त्याच्या आधीपासून कल्याणचे हे गृहस्थ माणसाच्या डोळ्याला नेमकी किती घाई पुरते हे बोटांनी मोजत होते. मराठी विज्ञानाच्या पुस्तकांत त्यांचं नाव यायला हवं, ते नाट्य-सिनेमाच्या पुस्तकांतच अडकून पडलं आहे.

हलणं पाहण्यासाठी मेंदूत वेगळी जागा आहे. ती बिघडली तर काय होतं, हे म्युनिकमधल्या एका रुग्ण बाईमुळे कळलं. योझेफ त्सील आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये तिच्याविषयी लिहिलं. रंग, चेहरे, अक्षरं सगळं तिला दिसे, पण हालचाल दिसत नसे. कपात चहा ओतताना धार तिला गोठलेली दिसे. कप भरत आला हे न कळल्याने चहा सांडे. रस्ता ओलांडताना दूर असलेली मोटार पुढच्या क्षणी एकदम अंगाशी दिसे. चहा ओतण्यासारख्या कामात आपण या जागेवर किती विसंबून असतो याचा मी त्याआधी कधी विचारच केला नव्हता.

ही जागा थकते, आणि ते पाहायला गोसीखुर्दइतकं चांगलं ठिकाण नाही. कठड्याआड सुरक्षित उभे राहा. एकाच दरवाजाच्या पाण्यावर मध्यभागी नजर रोखून एक मिनिट पाहा, नजर पाण्याबरोबर खाली जाऊ देऊ नका. मग झटकन बाजूच्या काँक्रीटकडे किंवा काठावरच्या दगडांकडे पाहा. दगड वर चढू लागतात. जागा सोडत नाहीत, पण चढत राहतात. मेंदूत खाली जाणाऱ्या हालचालीवर बोलणाऱ्या पेशी आहेत आणि वर जाणाऱ्या हालचालीवर बोलणाऱ्याही. एरवी स्थिर दगडापुढे दोन्ही सारख्याच पुटपुटतात. मिनिटभर पाणी पाहून ‘खाली’वाल्या थकतात, ‘वर’वाल्यांचा आवाज वरचढ होतो. रॉबर्ट ॲडम्स यांनी 1834 मध्ये स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यासमोर हे पाहून लिहिलं, म्हणून त्याला धबधब्याचा भास म्हणतात. पण वाहती नदी पाहून स्थिर गोष्टी हलताना दिसतात, हे ॲरिस्टॉटलनेही नोंदवलेलं आहे.

धरणाच्या पाण्यावर दुसरेही डोळे लागलेले असतात. जी माशी आपल्या हाताखालून निसटते तिला सेकंदाला दोनशेहून जास्त उघडझापा वेगळ्या दिसतात. आपला खाली येणारा तळहात तिला निवांत खाली येताना दिसत असणार. हवेत किडे पकडणाऱ्या माशीमार जातीच्या लहान पक्ष्यांच्या डोळ्यांची मर्यादा 2016 मधल्या मापनात 130 ते 145 च्या आसपास निघाली. त्यांच्यासाठी आपली जुनी ट्यूबलाईट ही सतत लुकलुकणारीच वस्तू आहे.

वेगाची वरची बाजू इतकी पुरे. डोळ्याला खालची बाजूही आहे, आणि वैनगंगेकाठी तीच जास्त महत्त्वाची आहे. फार सावकाश हलणारी गोष्ट डोळ्याला हलताना दिसतच नाही. शेजारी काही स्थिर खूण असेल तर सेकंदाला एक ते दोन कला, म्हणजे अंशाचा साठावा-तिसावा भाग, इतकी चाल आपल्याला जेमतेम कळते. भिंतीवरच्या घड्याळाजवळ वीतभर अंतरावर जाऊन मिनिटकाट्याच्या टोकाकडे पाहा, तो सरकताना दिसेल. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा, काटा थांबला. सूर्य सेकंदाला पाव कला सरकतो, म्हणून तो कुणालाच हलताना दिसत नाही. रोप वाढताना दिसत नाही ते याचमुळे.

दादासाहेब फाळक्यांनी हात घातला तो नेमका इथे. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लोकांपुढे आला, पण त्याआधी त्यांनी एक चिमुकली फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत महिनाभराहून जास्त काळ ते थांबले. पडद्यावर कोंब जमिनीतून वर आला, डोलला, वेल झाला. सिनेमाला पैसा लावायला कुणी तयार नव्हतं, ती फिल्म पाहून सावकार तयार झाला. डोळ्याच्या खालच्या मर्यादेपलीकडची चाल ओढून मर्यादेच्या आत आणायची, एवढंच त्यांनी केलं होतं. पाहणाऱ्यांना ती जादू वाटली असेल तर नवल नाही.

पूर हा त्या वाटाण्यासारखाच वाढतो. तासाला वीतभर पाणी चढतंय असं धरा. वीत म्हणजे वीसेक सेंटिमीटर. दोन मीटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याला ती चाल सेकंदाला एक दशांश कला दिसते, म्हणजे आपल्या मर्यादेच्या दहापट खाली. समोर पाणी चढत असतं आणि डोळा शपथेवर सांगतो की ते जागचं हललेलं नाही. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी-गडचिरोलीपर्यंत लोक अंधारात पाण्याने वेढले गेले. नदीकाठच्या जुन्या माणसांची एक सवय आहे. पाणी चढू लागलं की काठाशी काठी रोवायची, नाहीतर भिंतीवर कोळशाने रेघ ओढायची आणि थोड्या थोड्या वेळाने येऊन बघायचं. काठी डोळ्याला जे जमत नाही ते करते. ती आधीची जागा लक्षात ठेवते.

म्हणून दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि तुमचं घर नदीच्या खालच्या अंगाला असेल, तर ओसरीत बसून पाण्याकडे पाहत राहू नका. काठी रोवा, रेघ ओढा, दर अर्ध्या तासाने बॅटरी घेऊन ती तपासा. रात्री तर कुणीतरी जागं राहून हे करायलाच हवं.